भातावरील रोगांची छायाचित्रे व कॅमेऱ्याची निवड

मुळशी तालुक्यात खरीप हंगामात भात हेच मुख्य पीक होय. पिरंगुटाकडून पश्चिमेस पौड, माले आणि पुढे ताम्हिणीच्या दिशेने जावे तसतसा पाऊस वाढत जातो, आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, आणि खाचरातील हवा सतत दमट राहते. करपा रोगास अशीच हवा मानवते. ह्या रोगाचे पहिले ठिपके दिसल्यापासून पीक हातचे जाईपर्यंत पुष्कळदा फारच थोडे दिवस मिळतात. रोगाची खात्रीने परीक्षा करणारा तज्ज्ञ पुण्यास कृषी महाविद्यालयात किंवा वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रात असतो, आणि रोग मात्र कोळवण खोऱ्यातील एखाद्या खाचरात असतो. हे अंतर आजकाल बहुतेक वेळा छायाचित्राने तोडले जाते. रोगट पानाचा फोटो पाठवावा, उत्तर यावे आणि त्याप्रमाणे फवारणी करावी, असा क्रम आता गावोगाव रूढ झाला आहे. म्हणूनच ते छायाचित्र कसे आहे, ह्यावर औषधाचा खर्चच नव्हे तर पिकाचे भवितव्यही अवलंबून राहते.

ह्या बाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका शेतकरी बंधूने इंद्रायणी भाताचे छायाचित्र पाठविले. पाने सरसकट पिवळसर दिसत होती. नत्राची कमतरता असावी असे समजून युरियाचा हप्ता देण्याचा सल्ला मी दिला. चार-पाच दिवसांनी शेतावर गेलो तेव्हा उलगडा झाला. फोटो काढताना पाऊस होता, आणि पिकावर पिवळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचा आडोसा धरलेला होता. पानांवरील पिवळेपणा त्या कागदातून आलेल्या उजेडाचा होता. पानांवर करप्याचे बारीक ठिपके त्या दिवशीही होते, पण छायाचित्र इतके भुरकट होते की ते दिसलेच नाहीत. नत्र जादा झाले म्हणजे करपा बळावतो, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्या खाचरात तसेच झाले. त्या शेतकऱ्याने मला बोल लावला नाही, तरी तेव्हापासून कोणतेही छायाचित्र पाहताना ते कोणत्या उजेडात आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढले, हे मी आधी विचारतो.

छायाचित्रात काय दिसले पाहिजे

कॅमेरा निवडण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हे निश्चित करावे. आपले काम पानावरील खुणा ओळखण्याचे आहे. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा असतो. त्याचा मध्य राखाडी आणि कडा तपकिरी असते. तपकिरी ठिपक्यांचा रोग निराळा. त्यात ठिपके तिळासारखे गोल किंवा लांबट गोल असून त्यांच्याभोवती पुष्कळदा पिवळे वलय असते. कडा करपा हा जिवाणूंमुळे होतो. तो पानाच्या टोकाकडून कडेकडेने नागमोडी रेषेत खाली उतरतो आणि तो भाग गवताळी रंगाचा होऊन वाळतो. पहाटे अशा पानावर दुधाळ थेंब दिसतात. पहिल्या दोन रोगांचे कारण बुरशी आहे, तिसऱ्याचे नाही. कडा करप्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

हे तीन रोग एकमेकांपासून ओळखावयाचे तर दोन-तीन मिलिमीटरच्या ठिपक्याचा आकार, त्याची कडा आणि त्याचा रंग ह्या तिन्ही गोष्टी छायाचित्रात उतरल्या पाहिजेत. चांगल्या कॅमेऱ्याची आपली कसोटी एवढीच. लग्नसमारंभाचे फोटो सुंदर येतात की नाही, ह्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

मेगापिक्सेलचा आकडा

दुकानात गेल्याबरोबर पहिला आकडा ऐकू येतो तो मेगापिक्सेलचा. कॅमेऱ्याच्या आत भिंगामागे एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. पूर्वीच्या कॅमेऱ्यातील फिल्मची जागा तिने घेतली आहे. तिच्यावर प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म चौकटी आखलेल्या असतात, आणि अशा दहा लाख चौकटी म्हणजे एक मेगापिक्सेल. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ ह्या दोन शास्त्रज्ञांनी ह्या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्यांनी जो पहिला हाती धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला, त्यात अवघ्या दहा हजार चौकटी होत्या, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज साध्या मोबाइलवरही ५० मेगापिक्सेल असे लिहिलेले असते.

ह्या आकड्याने दिपून जाऊ नये. त्याचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः करून पाहावा. १२ मेगापिक्सेलचे चित्र आडवे ४००० आणि उभे ३००० बिंदूंचे असते. भाताचा एक चूड साधारण ४० सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीत बसविला, तर प्रत्येक मिलिमीटरला १० बिंदू येतात. म्हणजे दोन मिलिमीटरच्या ठिपक्याच्या वाट्यास २० बिंदू आले. ठिपका आहे हे कळेल, आकारही बहुधा कळेल. तोच कॅमेरा जवळ नेऊन १० सेंटिमीटर रुंदीचा पानाचा तुकडाच चौकटीत घेतला, तर मिलिमीटरला ४० बिंदू मिळतात आणि राखाडी मध्य व तपकिरी कडा स्वच्छ निराळी दिसते. उलट, बांधावर उभे राहून चार मीटर रुंदीचे खाचर टिपले तर मिलिमीटरला एकच बिंदू उरतो. अशा चित्रातून रोगाचे निदान मागणे व्यर्थ होय. तात्पर्य, चौपट मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन जे साधते, तेच कॅमेरा निम्म्या अंतरावर नेऊनही साधते, आणि त्यास पैसे पडत नाहीत.

छपाईसाठीही फार मोठा आकडा लागत नाही. इंचाला ३०० बिंदू ही उत्तम छपाईची रीत धरली, तर ए-४ आकाराच्या कागदास सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावयाचा तक्ता दुरून पाहावयाचा असल्याने त्यास त्याहूनही कमी चालते. ५० मेगापिक्सेलचे बहुतेक मोबाइल तर चार-चार चौकटी एकत्र जोडून शेवटी सुमारे १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात, ही गोष्ट खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली नसते.

सेन्सरचे क्षेत्र

मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरच्या आकारमानाकडे अधिक लक्ष द्यावे. शेतकऱ्याला हे समजावून सांगणे सोपे आहे. पावसाचे पाणी गोळा करावयाचे तर घागरींची संख्या जशी महत्त्वाची, तसे त्यांचे तोंडही महत्त्वाचे. एवढ्याशा जागेत घागरींऐवजी लोट्या दाटीने मांडल्या, तर संख्या वाढते, पण एकूण पाणी वाढत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे.

व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याखालोखाल एपीएस-सी नावाचा, सुमारे ३६५ चौरस मिलिमीटरचा. एक इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा असतो. (त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते, कर्ण मोजला तरी तो १६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यातील काचनळीच्या मापावरून हे नाव चालत आले आहे, आणि ग्राहकाची फसगत करण्यास ते अजून उपयोगी पडते.) खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर मात्र बहुधा २८ चौरस मिलिमीटरचाच असतो. एक इंची सेन्सर त्याच्या चौपट प्रकाश गोळा करतो.

हा फरक उन्हाळ्यात जाणवत नाही. मुळशीत आषाढ-श्रावणात तो चांगलाच जाणवतो. दाट आभाळात उजेड भर उन्हाच्या मानाने दहापटीपासून शंभरपटीपर्यंत उतरतो. कॅमेरा मग आपली संवेदनशीलता वाढवितो. तिचा आकडा आयएसओ ह्या नावाने दाखविला जातो. १०० च्या जागी १६०० किंवा ३२०० झाला की चित्रात सर्वत्र रंगीबेरंगी रवा दिसू लागतो. तो लपविण्यासाठी कॅमेरा स्वतःच चित्र सारवतो, आणि त्या सारवणाखाली करप्याचे कोवळे ठिपके गडप होतात. भुरकट फोटोंमागे पुष्कळदा हेच कारण असते. हात हलल्याचा दोष फोटो काढणाऱ्याच्या माथी विनाकारण मारला जातो.

मग सर्वांत मोठा सेन्सर घ्यावा काय? आपल्या कामासाठी तसे म्हणता येत नाही. अगदी जवळून फोटो काढताना मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात पानाचा थोडाच भाग स्पष्ट येतो, आणि पुढचा-मागचा भाग अस्पष्ट होतो. भाताचे पान वाकडे, पन्हाळीसारखे असते. लहान सेन्सरमध्ये ते अधिक खोलीपर्यंत स्पष्ट राहते. म्हणून मोबाइलवर काढलेले पानाचे चित्र कधी कधी महागड्या कॅमेऱ्याच्या चित्रापेक्षा निदानास अधिक उपयोगी ठरते. ज्यांना मोठ्या सेन्सरचा कॅमेरा वापरावयाचा आहे त्यांनी भिंगाचे छिद्र बारीक करून, म्हणजे आकडा ८ किंवा ११ वर ठेवून, तिपाईचा आधार घ्यावा. एक इंची सेन्सर हा ह्या दोहोंमधील समाधानकारक मध्यममार्ग आहे, असे आमचे मत आहे.

भिंग आणि शटर

भिंग म्हणजे लेन्स. ते वाईट असेल तर सेन्सर कितीही चांगला असो, उपयोग नाही. भिंगाच्या छिद्राचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे; २ आकड्याचे छिद्र ४ आकड्याच्या छिद्राच्या चौपट प्रकाश आत घेते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की भिंग पानाच्या किती जवळ जाऊन स्पष्ट पाहू शकते, हे विचारून घ्यावे. काही कॅमेरे अर्ध्या मीटरच्या आत पाहूच शकत नाहीत. अनेक स्वस्त मोबाइलमध्ये जवळच्या फोटोंसाठी म्हणून एक निराळे, अवघ्या २ मेगापिक्सेलचे भिंग दिलेले असते. त्याचा मोह धरू नये. मुख्य भिंगाने थोड्या अंतरावरून फोटो काढून नंतर हवा तेवढा भाग कापून घेतला, तर तो बहुधा सरस येतो.

झूम दोन प्रकारचा असतो. भिंगातील काचा पुढेमागे सरकून जो होतो तो खरा. दुसरा डिजिटल झूम, तो केवळ चित्राचा मधला भाग कापून मोठा करून दाखवितो. दुप्पट डिजिटल झूम केला की १२ मेगापिक्सेलचे ३ उरतात. कॅमेरा घेताना फक्त पहिल्या प्रकारच्या झूमची चौकशी करावी.

वाऱ्याने भाताचे पान सतत डोलत असते. ते सेकंदाला २० सेंटिमीटर हलत आहे असे धरले, तर शटर १/३० सेकंद उघडे राहिल्यास पान तेवढ्यात साडेसहा मिलिमीटर सरकते आणि ठिपक्याची रेघ होते. १/५०० सेकंदात ते ०.४ मिलिमीटरच सरकते. हाताची थरथर थोपविणारी सोय आज पुष्कळ कॅमेऱ्यांत असते व ती उपयुक्त आहे. पण ती हात सावरते, पान सावरत नाही. पानासाठी वेगवान शटरच पाहिजे, किंवा एका हाताने पान मागून धरले पाहिजे. पानामागे तळहात ठेवण्याची ही साधी युक्ती पुष्कळ खर्च वाचविते. शटरचा वेग स्वतः ठरविण्याची सोय कॅमेऱ्यात आहे की नाही, हे मात्र पाहून घ्यावे.

रंगाची परीक्षा

सेन्सरच्या चौकटींना स्वतःला रंग कळत नाही. त्यांच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची जाळी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतीलच ब्राइस बेयर ह्यांच्या नावावर १९७६ मध्ये ह्या जाळीचे पेटंट झाले. तीत दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी असते. बाकीचे रंग कॅमेरा शेजारच्या चौकटींवरून अंदाजाने भरून काढतो. म्हणजे चित्रातील रंग हा काही अंशी कॅमेऱ्याचा तर्क असतो. आभाळाचा उजेड निळसर, संध्याकाळचा तांबूस, घरातील बल्बचा पिवळसर. कोणत्या उजेडात पांढरे ते पांढरे दिसावे, ह्या जुळणीस व्हाइट बॅलन्स म्हणतात. ही जुळणी आपल्या हाताने बदलता येईल असाच कॅमेरा निवडावा, आणि रोगाचा फोटो काढताना पानाशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागद पिवळट दिसला तर पाहणाऱ्यास लगेच समजते की पानाच्या रंगावर विश्वास ठेवू नये. त्याच कागदावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या तर ठिपक्याचे मापही मिळते. मी सांगितलेल्या प्रसंगी एवढा कागद असता तर युरिया पडला नसता.

पावसात आडोसा धरावाच लागतो. तो काळ्या छत्रीचा धरावा. लाल किंवा निळ्या छत्रीखाली आणि लावणीच्या वेळी अंगावर घेतात त्या रंगीत प्लॅस्टिकच्या खोळीखाली पानावर तो रंग चढतो. कॅमेऱ्यावरील झगझगीत फ्लॅश ओल्या पानावर वापरू नये. थेंब चकाकतात आणि कडा करप्याचे दुधाळ थेंब व पावसाचे थेंब ह्यांत भेद करता येत नाही. अशी शंका आल्यास कॅमेरा बाजूस ठेवून पानाचा कापलेला तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. कापातून दुधाळ धार उतरली तर रोग जिवाणूंचा समजावा.

दुकानातील परीक्षा

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी दुकानातच तो पारखावा. बरोबर वर्तमानपत्राचे एक पान न्यावे, ते भिंतीवर सपाट लावून त्याचा पूर्ण फोटो काढावा. मग तो कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर न पाहता संगणकावर पूर्ण मोठा करून पाहावा. मधल्या मजकुरातील अनुस्वार व वेलांट्या सुट्या दिसतात काय आणि चारी कोपऱ्यांतही तशाच दिसतात काय, हे तपासावे. कोपऱ्यातील अनुस्वार पुसले जात असतील तर भिंग सामान्य आहे. दुसरा फोटो दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, फ्लॅश बंद करून काढावा. रवा किती येतो ते तेथे समजते. तिसरा फोटो बरोबर नेलेल्या एखाद्या हिरव्या पानाचा, जितक्या जवळून येईल तितक्या जवळून काढावा, आणि ते पान चित्राशेजारी धरून रंग ताडून पाहावा. दुकानदारास घाई असेल तर दुसरे दुकान पाहावे.

वैयक्तिक शेतकऱ्याने ह्या कामासाठी निराळा कॅमेरा घेण्याची गरज बहुधा नसते. हाती असलेला मोबाइल वरील रीतीने वापरल्यास पुरे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी तर मोबाइलच लागतो, कारण तेथे पिकाचे छायाचित्र ॲपमधूनच घ्यावे लागते. मात्र हंगामभर पाच-पंचवीस गावांतील पिकांची पाहणी ज्यांना करावयाची, चित्रे जपून ठेवावयाची आणि तक्ते छापावयाचे, त्या कार्यकर्त्यांनी मिळून किंवा शेतकरी गटाने एक इंची सेन्सरचा, शटर व रंगाची जुळणी हाताने बदलता येणारा एक कॅमेरा घेणे फायद्याचे ठरते. असे लहान कॅमेरे आता पूर्वीइतक्या प्रकारांत निघत नाहीत. चांगल्या स्थितीतील वापरलेला मिळाल्यास घेण्यास हरकत नाही. तसा घेताना भिंगातून उजेडाकडे पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती भिंगावर वाढलेली बुरशी समजून तो परत करावा.

चांगले चित्र पाठविताना बिघडते, हीही गोष्ट नेहमीची आहे. संदेशाच्या ॲपमधून फोटो सरळ पाठविला तर ते ॲप त्याचे बिंदू कमी करते, आणि ठिकाण व वेळ ह्यांची त्यात नोंदलेली माहितीही बहुधा गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. घाटाकडील वाड्यांत रेंज नसेल तर पौडास येईपर्यंत थांबावे, पण चित्र लहान करून पाठवू नये. एका चित्रावर निदान मागू नये. खाचराचे एक, चुडाचे एक आणि पानाचे एक अशी तीन चित्रे पाठवावीत, आणि भाताची जात, लावणीची तारीख व दिलेले खत सोबत लिहावे.

कॅमेरा पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते आणि तेथेच भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून त्यात तो ठेवावा. निळ्या रंगाचे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते; त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे मात्र वापरू नये. शेतातून आल्यावर कॅमेरा प्रथम कोरड्या फडक्याने पुसावा, बॅटरी काढून घ्यावी, आणि मगच डबा बंद करावा.